पडद्यावर आखलेली वस्तू हातात येईपर्यंत काय घडते?

हव्या त्या वस्तूचे वर्णन एका वाक्यात लिहावे आणि संगणकाने तिचा त्रिमितीय आकार काही क्षणांत पडद्यावर उभा करावा, अशी साधने अलीकडे आली आहेत. त्यामुळे एक प्रश्न वारंवार कानावर येतो: वस्तू घडवणे हे आता कागदावर मजकूर छापण्याइतके सोपे झाले का? आकार संगणक काढणार, यंत्र तो कापणार किंवा छापणार, मग मधल्या माणसांचे काम उरले कोठे?

शंका रास्त आहे, पण तिच्या मुळाशी एक समजूत आहे. पडद्यावर दिसणारा आकार आणि हातात घेता येणारी वस्तू यांच्यामध्ये एकच पायरी आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तेथे पाच-सहा पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीवर वस्तूचे वर्णन एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवावे लागते आणि कोणत्याही भाषांतरात होते तसे येथेही काहीतरी मागे राहते. आकार बहुतेक वेळा सुखरूप पोहोचतो. तो तसाच का ठेवला होता, हे मात्र वाटेत गळून पडते. या लेखात आपण ती गळती कोठे कोठे होते ते पाहणार आहोत.

त्यासाठी दोन संज्ञा पुरेशा आहेत. संगणकाच्या मदतीने वस्तूचा आराखडा तयार करणे म्हणजे कॅड. त्या आराखड्यावरून यंत्राने कसे हलायचे याच्या सूचना संगणकाकडून तयार करून घेणे म्हणजे कॅम. उदाहरणासाठी एकच साधी वस्तू शेवटपर्यंत बरोबर ठेवू: भिंतीवरच्या फळीला खालून आधार देणारा, ॲल्युमिनियमचा ‘एल’ आकाराचा ब्रॅकेट. त्याची एक बाजू भिंतीला टेकते आणि तिच्या मध्यरेषेवर स्क्रूसाठी दोन छिद्रे आहेत. दुसरी बाजू फळीखाली येते. दोन्ही बाजू ६० मिलिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड आहेत.

पडद्यावर दिसते ते चित्र नसते

या ब्रॅकेटचे छायाचित्र काढून संगणकात ठेवले, तर संगणकाच्या लेखी ते केवळ रंगीत ठिपके असतात. छिद्र कोठे आहे, ते आरपार आहे की नाही, धातू किती जाड आहे, यांपैकी काहीही त्या ठिपक्यांत नोंदलेले नसते. कॅडच्या फाइलमध्ये मात्र ठिपके नसून विधाने असतात. ‘भिंतीकडच्या बाजूच्या मध्यरेषेवर, वरच्या कडेपासून २० मिलिमीटर अंतरावर, ५ मिलिमीटर व्यासाचे आरपार छिद्र’ हे असे एक विधान आहे. गाण्याचे ध्वनिमुद्रण आणि त्याची स्वरलिपी यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. ध्वनिमुद्रण ऐकता येते, पण त्यातला एखादा स्वर बदलायचा तर ते कामाचे नाही. स्वरलिपीत एक खूण बदलली की पुढचे गायन बदलते.

ही कल्पना संगणकाच्या इतिहासाच्या मानाने बरीच जुनी आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्केचपॅड नावाची प्रणाली सादर केली. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा काढता येत होत्या, परंतु तिचे खरे वैशिष्ट्य रेषा काढण्यात नव्हते. दोन वेड्यावाकड्या रेषा काढून ‘या समांतर असाव्यात’ एवढे सांगितले की प्रणाली त्या स्वतः सरळ करून देत असे. एका मूळ आकृतीच्या अनेक प्रती ठेवून मूळ आकृती बदलली, तर सर्व प्रतीही बदलत. आकाराबरोबर आकाराचे नियमही जपावेत, हा विचार तेथे प्रथमच पडद्यावर उतरला.

पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर या प्रणालीने या नियमांची साखळीच कारखान्यांच्या हाती दिली. तेव्हापासून बहुतेक कॅड प्रणालींमध्ये आकाराशेजारी एक यादी दिसते: आधी ‘एल’ची आकृती काढली, मग तिला ४० मिलिमीटर रुंदी दिली, मग छिद्रे पाडली, मग आतल्या कोपऱ्याला गोलाई दिली. जाडीचा आकडा ६ ऐवजी ८ केला की यादीतील प्रत्येक पायरी नव्याने चालते आणि छिद्रे आपोआप नव्या जाडीतून आरपार जातात. मात्र साखळी जितकी सोयीची, तितकीच नाजूक असते. ज्या कडेला गोलाई दिली होती, ती कडच कोणी मागाहून काढून टाकली, तर गोलाई कोणत्या कडेला द्यायची हे संगणकाला समजत नाही. त्या पायरीपुढे चूक झाल्याची खूण येते आणि तिच्यावर विसंबलेल्या पुढच्या पायऱ्याही एकेक करून कोसळतात. म्हणूनच दुसऱ्याने केलेले मॉडेल हातात घेणारा अनुभवी माणूस आधी आकार न्याहाळत बसत नाही, तो ही यादी वाचतो. ती नीट असेल तर आधीच्या माणसाने काय विचार केला होता, ते तिच्यातून कळते.

वाकडी रेषा सांगायची कशी?

सरळ रेषा आणि वर्तुळ यांचे वर्णन सोपे आहे. मोटारीच्या बॉनेटचे वळण शब्दांत कसे सांगणार? एके काळी त्यासाठी मातीचा पूर्ण आकाराचा नमुना घडवून, त्याची मापे घेऊन, मोठमोठ्या कागदांवर वक्र रेषा आखाव्या लागत, आणि दोन विभागांनी आखलेले एकच वळण थोडे वेगळे निघत असे. या अडचणीवर फ्रान्समधील दोन मोटार कंपन्यांत जवळजवळ एकाच काळात सारखाच उपाय शोधला गेला. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास तो मांडला, पण कंपनीने तो गुप्त ठेवला. रेनॉल्टमध्ये पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात स्वतंत्रपणे तोच मार्ग काढला आणि प्रसिद्धही केला, त्यामुळे वक्राला नाव त्यांचे मिळाले.

तो उपाय थोडक्यात असा: वक्राची दोन टोके ठरवायची आणि मध्ये दोन अदृश्य खुंट्या रोवायच्या. वक्र खुंट्यांना शिवत नाही, पण त्यांच्याकडे ओढला जातो. खुंटी लांब नेली की फुगवटा वाढतो. संपूर्ण वळण अशा रीतीने चार बिंदूंत मावते आणि ते चार बिंदू ज्याला मिळतील, त्याला नेमके तेच वळण मिळते. जाता जाता सांगायचे तर, हा लेख आपण ज्या अक्षरांत वाचत आहात, त्यांच्या कडाही बहुधा याच जातीच्या वक्रांनी आखलेल्या आहेत.

फळी पेलेल की नाही, हे आधी कसे कळते?

आकार ठरला. आता त्यावर वजन टाकले तर तो टिकेल का? साध्या पट्टीसाठी हे गणित कागदावर करता येते, पण छिद्रे, गोलाई आणि कोपरे आले की एका सूत्रात उत्तर बसत नाही. येथे वापरल्या जाणाऱ्या पद्धतीला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. तिचे तत्त्व असे की अवघड आकाराचे हजारो लहान, सोप्या तुकड्यांत विभाजन करावे, प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला किती ढकलतो याचे समीकरण मांडावे आणि ती सर्व समीकरणे एकत्र सोडवावीत. एक तुकडा सोडवणे शाळेतल्या गणितासारखे असते. हजारो तुकडे एकाच वेळी जुळवणे हे संगणकाचे काम असते.

उत्तर रंगीत चित्राच्या रूपाने येते: निळा भाग निवांत, लाल भाग ताणाखाली. या चित्राचा मोह फार वाईट असतो. लाल रंग म्हणजे ‘येथे तुटणार’ असे नाही. त्या चित्रातला सर्वांत जास्त ताण, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो सहन होण्याजोगाही असू शकतो. उलट आपल्या ब्रॅकेटचा आतला कोपरा गोलाईशिवाय अगदी धारदार ठेवला, तर तेथे आणखी विचित्र प्रकार घडतो. तुकडे जसे बारीक करत जावे तसा त्या कोपऱ्यातील ताणाचा आकडा वाढतच जातो, तो कोठेही स्थिरावत नाही. धातूत प्रत्यक्षात असे काही होत नाही; गणितात शून्य त्रिज्येचा कोपरा असतो, धातूत नसतो, म्हणून हा आकडा निरर्थक ठरतो. नवशिक्या तो आकडा अहवालात लिहून मोकळा होतो.

चुकीच्या विभाजनाची किंमत किती मोठी असू शकते, हे २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत दिसले. स्लाइपनर-ए या समुद्रातील तेल-वायू उत्खननाच्या तळाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात असताना त्याची एक भिंत फुटली आणि तो बुडाला. जीवितहानी झाली नाही. चौकशीत आढळले की पोकळ कप्प्यांच्या सांध्याजवळ गणितासाठी केलेले तुकडे फार ओबडधोबड होते, त्यामुळे तेथील कातर ताण (कात्रीसारखा आडवा कापू पाहणारा ताण) प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला आणि भिंत व तिच्यातील सळया अपुऱ्या पडल्या. त्यानंतर बारकाईने केलेल्या गणिताने सांगितले की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटायला हवी. ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धत खोटी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न जाडाभरडा होता, आणि छापील उत्तर नीटनेटके दिसत असल्यामुळे तो जाडाभरडा आहे हे वेळेत कोणाच्या लक्षात आले नाही.

यंत्राला आकार कळत नाही, हालचाल कळते

येथून कॅमचे काम सुरू होते. सर्वसामान्य वाचकाला सर्वांत कमी माहिती असते ती याच टप्प्याची, आणि माझ्या मते खरी करामतही येथेच आहे.

कॅडची फाइल ‘काय हवे’ ते सांगते. ‘कसे करावे’ याबद्दल ती गप्प असते. धातूच्या ठोकळ्यातून आपला ब्रॅकेट काढायचा, तर ठोकळा कोठे पकडायचा, आधी काय कापायचे, कोणते टूल, म्हणजे कापणारे हत्यार, घ्यायचे, ते किती वेगाने फिरवायचे आणि किती वेगाने पुढे सरकवायचे, हे सगळे ठरवावे लागते. यंत्राच्या व्हाइसमध्ये, म्हणजे दोन जबड्यांच्या शिकंज्यात, पकडलेल्या तुकड्याला यंत्रशाळेत जॉब म्हणतात. जॉब एका बाजूने पकडला की ‘एल’ची बाह्यरेषा कापता येते, पण भिंतीकडच्या बाजूतील छिद्रे त्या दिशेने दिसतच नाहीत, त्यासाठी जॉब काढून, फिरवून, पुन्हा पकडावा लागतो. प्रत्येक वेळी पुन्हा पकडताना थोडी चूक होण्याची शक्यता वाढते.

फिरते टूल गोल असते, त्यामुळे आतला कोपरा त्याला टोकदार कापता येत नाही. १० मिलिमीटर व्यासाचे टूल कोपऱ्यात ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडणारच. पडद्यावर काटकोनी कोपरा काढणे एका क्लिकचे काम आहे, पण तो कोपरा कापणाऱ्याला दिवसभर डोकेदुखी देतो. त्यातच ब्रॅकेट ४० मिलिमीटर रुंद असल्याने टूलला तितके खोल जावे लागते; लांब टूल थरथरते आणि कापलेल्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. आराखडा करणाऱ्याने हे आधीच ओळखून कोपऱ्याला ६ मिलिमीटरची गोलाई दिली असेल, तर ताणही कमी होतो आणि टूलही सहज वळते.

या सर्व निर्णयांनंतर यंत्राच्या हाती जे पडते, ती ओळींची एक लांबलचक यादी असते. तिच्या भाषेला जी-कोड म्हणतात. एक नमुना पाहू:

एस३००० एम३
जी० एक्स० वाय० झेड५
जी१ झेड-२ एफ१५०
जी१ एक्स६० एफ४००

पहिली ओळ म्हणते, टूल मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरवायला सुरुवात कर. दुसरी म्हणते, ठरलेल्या शून्य बिंदूच्या वर ५ मिलिमीटरवर झपाट्याने ये. तिसरी टूलला मिनिटाला १५० मिलिमीटर या गतीने २ मिलिमीटर खोल उतरवते आणि चौथी त्याच खोलीवर ६० मिलिमीटर पुढे नेते. ब्रॅकेट, कोपरा, छिद्र, फळी यांचा या ओळींत मागमूसही नाही. वाटेत व्हाइसचा जबडा आला तर यंत्र त्यातूनही जाण्याचा प्रयत्न करील, कारण व्हाइस तेथे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

म्हणून नव्या प्रोग्रामचा पहिला तुकडा कापण्याचा प्रसंग पाहण्यासारखा असतो. आधी शून्य बिंदू मुद्दाम वर धरून टूल हवेतच फिरवले जाते. मग खराखुरा तुकडा लागतो, तेव्हा चालवणाऱ्याचा एक हात गती कमी-जास्त करणाऱ्या खटक्यावर आणि दुसऱ्या हाताचे बोट थांबवण्याच्या बटणावर असते. नजर कधी टूलच्या टोकावर, कधी पडद्यावरच्या ‘अजून किती अंतर बाकी’ या आकड्यावर. टूल धातूपासून तीन मिलिमीटरवर दिसत असताना पडद्यावर बाकी अंतर वीस मिलिमीटर दिसले, की बोट दाबले जाते. बहुधा कोणीतरी टूलची लांबी चुकीची नोंदवलेली असते.

यंत्राला आकड्यांनी हलवण्याची ही कल्पना हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे सुचली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन पार्सन्स यांना पात्याच्या छेदाचा वक्र अचूक कापायचा होता. त्यांनी वक्रावरील अनेक बिंदूंचे आकडे गणनयंत्रावर काढले. एकाने आकडे वाचायचे आणि दोघांनी यंत्राची दोन चाके त्यानुसार फिरवायची, अशी सुरुवातीची रीत होती. चाके माणसांऐवजी मोटरींनी फिरवावीत, या दिशेने काम पुढे एमआयटीत गेले आणि १९५२ मध्ये छिद्रित फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र, म्हणजे फिरत्या टूलने धातू कापणारे यंत्र, तेथे दाखवले गेले. त्या फितीची जागा नंतर संगणकाने घेतली आणि यंत्राला सीएनसी हे आजचे नाव मिळाले.

माप ‘बरोबर’ असते म्हणजे किती बरोबर?

पडद्यावर छिद्राचा व्यास २० मिलिमीटर लिहिला, तर तो गणिताच्या अर्थाने नेमका २० असतो. धातूत तसे कधीच होत नाही. म्हणून आराखड्यात मापाबरोबर किती फरक चालेल, तेही लिहावे लागते. या मोकळिकीला टॉलरन्स म्हणतात. दंडा छिद्रात हलकेच सरकावा असे हवे असेल, तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे छिद्र २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर आणि दंडा १९.९८० ते १९.९९३ मिलिमीटर यांच्या दरम्यान ठेवण्याची एक नेहमीची जोडी आहे. दोघांमधली फट कमीत कमी ०.००७ आणि जास्तीत जास्त ०.०४१ मिलिमीटर राहते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले की हा व्यवहार किती बारीक आहे ते उमगते.

इतक्या बारकाईत तापमानही हात घालते. ॲल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा तुकडा दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ मायक्रॉन, म्हणजे ०.०२३ मिलिमीटर वाढतो. आपली ६० मिलिमीटरची बाजू कापताना १० अंशांनी तापली असेल, तर ती सुमारे १४ मायक्रॉन लांब भरते आणि निवल्यावर आखूड होते. त्यामुळे मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरलेले आहे. फळीच्या ब्रॅकेटला याची काहीच गरज नाही. तेथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी फळी पडत नाही. पण हे संगणकाला आपणहून कळत नाही. आराखडा करणाऱ्याने सगळीकडे सरसकट ०.०१ मिलिमीटरची मोकळीक लिहून टाकली, तर कोणतीही प्रणाली त्याला अडवत नाही, आणि एक किरकोळ ब्रॅकेट घड्याळाच्या भागासारखा जपून कापला जातो व तितकाच महाग पडतो.

त्रिमितीय छपाईने हे सगळे सोपे केले नाही का?

काही बाबतीत निश्चितच केले. चक हल यांनी १९८४ मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात द्रव राळ प्रकाशाने थराथराने घट्ट केली जात होती. धातू कापून काढण्याऐवजी थरांवर थर रचत जायचे, हे तत्त्व तेव्हापासून अनेक रूपांत वापरले जाते. टूल आत पोहोचेल का, ही चिंता येथे जवळजवळ नाहीशी होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने लीप या विमान इंजिनासाठी इंधन फवारणारी तोटी अशा प्रकारे बनवली; आधी सुमारे २० सुटे भाग जोडून जे करावे लागले असते, ते एकाच तुकड्यात झाले आणि वजन सुमारे २५ टक्क्यांनी घटले. प्रत्येक कानाच्या मापाचे वेगळे कवच लागणाऱ्या श्रवणयंत्रांनाही ही पद्धत फार मानवली.

परंतु भाषांतराची अडचण येथेही आहे. छपाईसाठी आकाराचे रूपांतर बहुधा लहान त्रिकोणांच्या कवचात केले जाते आणि ते एसटीएल नावाच्या फाइलमध्ये ठेवले जाते. गोल छिद्र आता छिद्र राहत नाही. अनेक कडांचा बहुकोन बनते. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे या फाइलमध्ये मापाचे एककच नसते. तिच्यात ६० लिहिले असेल तर ते ६० मिलिमीटर की ६० इंच, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. त्यामुळे वस्तू २५.४ पट मोठी किंवा लहान उघडण्याचा अनुभव या क्षेत्रात जवळजवळ प्रत्येकाने घेतलेला असतो.

शिवाय थरांनी रचलेली प्लॅस्टिकची वस्तू सर्व दिशांनी सारखी मजबूत नसते. आपला ब्रॅकेट उभा छापला, तर त्याच्या कोपऱ्यावरचा भार थरांना एकमेकांपासून उचकटू पाहतो. कुशीवर आडवा छापला, तर थर ‘एल’च्या आकारातून सलग जातात आणि तो बराच जास्त वजन पेलतो. दोन्ही वेळा फाइल तीच, आकार तोच.

दोन संगणक एकमेकांना समजून घेत नाहीत का?

समजतात, पण अर्धवट. कॅड प्रणाली अनेक आहेत आणि प्रत्येकीची आतली नोंद वेगळी आहे. देवाणघेवाणीसाठी स्टेप नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते चांगले चालते. मात्र त्यातून सामान्यतः केवळ अंतिम आकार पोहोचतो. वर सांगितलेली पायऱ्यांची यादी मागेच राहते. दुसऱ्या टोकाला ब्रॅकेट उघडतो खरा, पण जाडीचा आकडा बदलून सगळे आपोआप जुळवून घेण्याची सोय संपलेली असते.

विमान उद्योगात याची दोन टोके पाहायला मिळतात. १९९४ मध्ये पहिल्यांदा उडालेले बोइंग ७७७ हे संपूर्णपणे संगणकावर आखलेले पहिले प्रवासी जेट विमान मानले जाते. सर्वांनी एकच प्रणाली वापरल्याने एक नळी दुसरीतून जाते आहे, अशा चुका पडद्यावरच सापडल्या आणि पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारण्याची जुनी रीत बहुतांशी टाळता आली. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी एअरबस ए३८० च्या जोडणीत उलटा अनुभव आला. जर्मनीतील हॅम्बुर्ग आणि फ्रान्समधील तुलूझ येथील गट कॅटिया या एकाच प्रणालीच्या अनुक्रमे चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीवर काम करत होते. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा होत्या. दोन आवृत्त्यांतील नोंदी नीट जुळत नसल्याने, वळणे घेत जाणारे त्यांचे जुडगे प्रत्यक्ष सांगाड्यात बसवताना अपुरे पडू लागले. २००६ मध्ये कंपनीला लांबलेल्या वेळापत्रकांची पुन्हा पुन्हा घोषणा करावी लागली. दोन्ही ठिकाणी वस्तू पडद्यावर व्यवस्थित दिसत होती.

मग कृत्रिम बुद्धिमत्ता आराखडाच करू लागली तर?

या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. पहिला भाग जुना आहे. दिलेल्या भारासाठी कमीत कमी साहित्यात बसणारा आकार संगणकानेच शोधावा, यावर मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांचा पायाभूत शोधनिबंध १९८८ मध्ये आला. अशा गणितातून निघणारे आकार हाडांच्या किंवा झाडांच्या फांद्यांसारखे दिसतात आणि वजन वाचवण्यात माणसाला सहज मागे टाकतात. दुसरा भाग नवा आहे: शब्दांवरून आकार देणारी साधने. यांपैकी बरीच साधने त्रिकोणांचे कवच देतात, म्हणजे दिसायला ब्रॅकेट मिळतो, पण त्याची पायऱ्यांची यादी, मोकळीक किंवा धातूचे नाव काहीच सोबत येत नाही. थेट कॅडच्या पायऱ्या लिहून देणारे प्रयत्नही चालू आहेत, आणि साध्या भागांसाठी ते उपयोगी पडतील असे मानायला जागा आहे. कागदावर आराखड्यांच्या नकला करण्याचे काम कॅडने जवळजवळ संपवले, तशी काही कामे यातही संपतील. ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता आपल्या ब्रॅकेटकडे परत येऊ. साहित्य कमी करायला सांगितल्यावर संगणक दोन्ही बाजू पातळ करतो आणि मध्यरेषेवर, एका बाजूकडून दुसरीकडे तिरपी जाणारी एक फासळी उभी करतो. ताणाच्या दृष्टीने ते उत्तर उत्तम आहे. फक्त भिंतीत स्क्रू पिळण्यासाठी स्क्रूड्रायव्हर जेथून आत यायला हवा, नेमकी तेथेच ती फासळी आहे. तेथे हात येणार आहे, हे संगणकाला दिलेल्या प्रश्नात नव्हतेच.

उपाय सोपा आहे. छिद्रे मध्यरेषेवरून बाजूला, १२-१२ मिलिमीटरवर न्यायची. कॅडमध्ये एक आकडा बदलला जातो, छिद्रे सरकतात, ताणाचे गणित पुन्हा होते, कॅम नव्या जागी ड्रिल उतरवण्याच्या ओळी लिहून देते. सगळे मिळून काही मिनिटे. यंत्रापाशी मात्र जॉब व्हाइसमध्ये दोन पोलादी पट्ट्यांवर टेकवलेला असतो, त्यांना पॅरलल म्हणतात, आणि त्या जबड्यांना चिकटून असतात. आधीची छिद्रे मधल्या मोकळ्या जागेवर येत होती. नवी छिद्रे जबड्यापासून ८ मिलिमीटरवर, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या त्या पट्ट्यांच्या डोक्यावर येतात, आणि ही गोष्ट कोणत्याही फाइलमध्ये नोंदलेली नाही. यंत्र चालवणारा वाकून बाजूने पाहतो, व्हाइस सैल करतो आणि कपाटातून पातळ पट्ट्यांची जोडी आणायला जातो.